जे हलतं ते उमटत नाही

१

सकाळी उठल्यावर लोक चहाचं आधण ठेवतात, ताई आधी डबा ठेवायची. साधा पत्र्याचा डबा, कधीकाळी बिस्किटांचा असलेला, आतून काळा रंगवलेला. एका बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा, आणि आत फिल्म. पट्टी काढली की कॅमेरा सुरू, संध्याकाळी पट्टी लावली की बंद. मधला सगळा दिवस तो डबा फळीवर बसून समोरच्या खोलीकडे एकटक बघायचा.

अशा दिवसभराच्या फोटोत एक गंमत असते. माणसं येतात, जातात, भांडतात, पसारा घालतात, आणि फोटोत खोली रिकामीच येते. भोक एवढं बारीक, की त्यातून उजेड झिरपायला तासन् तास लागतात. तेवढा वेळ जे जागचं हलत नाही तेच फिल्मवर उमटतं. खाट उमटते, खिडकी उमटते. खाटेवर उड्या मारणारी पोर काही उमटत नाही.

आणि उड्या मारणारी पोर घरात होतीच. ताईच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि नाव कुणी उगाच ठेवलेलं नव्हतं. जेवतानासुद्धा तिचं बूड एका जागी टेकायचं नाही. शाळेला सुट्ट्या लागल्यापासून तर अंगात वारंच भरलं होतं. घराची मागची खोली तिची आणि आजीची. डबा रोज त्याच खोलीकडे तोंड करून बसायचा, तरी एकाही फोटोत भिंगरीचा मागमूस नसायचा.

"आई, मी का नाही येत गं फोटोत?"

"एका जागी बसलीस तर येशील."

"किती वेळ?"

"दिवसभर."

"ह्या. मग नकोच," म्हणून ती पळाली.

आजी मात्र यायची. आजी म्हणजे ताईची आई. नवरा नोकरीनिमित्त लांब, फोनवरच भेटणारा, म्हणून ताईने आईला आपल्याकडे आणलं होतं. आली तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. गेले काही महिने मात्र ती हळूहळू गप्प झाली होती. खाटेवर पाठ ताठ करून बसायची, हात मांडीवर, नजर समोर, आणि तशी तासन् तास. गुडघे दुखतात, वय झालंय, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. फोटोत ती पांघरुणांच्या ढिगासारखी दिसायची, आणि पलीकडच्या खाटेवर भिंगरीने कधीही न आवरलेला पांघरुणांचा खराखुरा ढीग असायचा. दोन्ही सारखेच. "माझ्यात आणि गोधडीत फरक ठेवला नाहीस," असं आजी पूर्वी म्हणाली असती. आता तेही म्हणत नव्हती.

२

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. फोटो नुसते कागदावर काढून लावायचे नाहीत, त्यांच्या प्लेटी करून प्रेसवर छापायचे, ही ताईची खुबी. फिल्म प्लेटवर ठेवायची, वर झगझगीत दिवा, मग प्लेट पाण्याखाली धुवायची. शाई चोळायची, जाळीदार कापडाने पुसायची, ओला कागद वर ठेवून रूळ फिरवायचा. कागद उचलला की दिवसभराची खोली हातात येते, मऊ आणि काळी. प्लेटवरून छाप घेताना चित्र उलटं होतं, डावं उजवीकडे जातं, म्हणून फिल्म आधी पालथी ठेवावी लागते. नवशिके हे हमखास विसरतात आणि मग दुकानांच्या पाट्या उलट्या छापून बसतात. ताई काही नवशिकी नव्हती.

त्या दुपारी तिने मागच्या खोलीच्या दोन प्लेटी एकदमच केल्या. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या. हात घाईत होते आणि डोक्यात निमंत्रणं, फ्रेमा, खिळे असं सगळं भरलेलं होतं.

पहिला कागद उचलला आणि तिला आधी स्वतःचाच राग आला. डाव्या खाटेच्या वर, भिंतीवर, एक करडा डाग राहिला होता. शाई पुसताना हात हलका पडला असणार. मग तिची नजर डागाखाली गेली.

मागची खोली कशी होती ते सांगायला हवं. दारातून बघितलं तर समोर मधोमध खिडकी, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन लोखंडी खाटा. सारख्याच, जोडीने घेतलेल्या. डावी भिंगरीची, उजवी आजीची. बाकी खोलीत काही नाही, आजीच्या खाटेवरच्या भिंतीला कितीही रंग दिला तरी पुन्हा वर येणारी जराशी ओल सोडली तर.

कागदावर डाव्या खाटेच्या उशाशी, खाट आणि भिंत यांच्या बोळात, काहीतरी उभं होतं.

माणसाएवढं. खांदे असावेत तसे खांदे. वरचा भाग थोडा पुढे आलेला, कुणी लक्ष देऊन ऐकत असावं तसा. चेहरा म्हणावा असं काही नाही, पण कडा मात्र स्वच्छ होत्या. खिडकीच्या गजांइतक्या स्वच्छ.

तिने दुसऱ्या प्लेटला शाई लावली. या वेळी शाई निगुतीने पुसली. कागद उचलला. करडा डाग याही खेपेला त्याच जागी होता. आणि त्या डागाखालचं ते या कागदावर वाकलेलं होतं, उशीवर.

ताईने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. पडदा असेल. टॉवेल वाळत घातला असेल. पण टॉवेल वाऱ्याने हलतो, आणि जे हलतं ते उमटत नाही. हे तिनेच तर सगळ्या जगाला सांगितलं होतं, निमंत्रणपत्रिकेवर छापून.

ती भिंगरीची उशी होती.

३

दाढी हा ताईचा जुना मित्र, फोटोग्राफर. दाढी काढून त्याला युगं लोटली, पण नाव राहिलं ते राहिलंच. त्याने दोन्ही छाप खिडकीशी नेऊन बघितले, चष्मा कपाळावर चढवून नाक कागदाला लावलं.

"डब्यात उजेड शिरलाय," तो म्हणाला. "पत्र्याला कुठेतरी चीर असणार."

"दोन्ही वेळा एकाच जागी?"

"चीर एका जागी असली की उजेडही एकाच जागी पडणार. तो काय फिरायला जातो?"

"मग पहिल्यात उभं आणि दुसऱ्यात वाकलेलं का?"

दाढी हसला. "ताई, तुझी झोप झालेली नाही. पण काहीही असो, हे लाव. लोक वेडे होतील बघून. खोली ओळखीची वाटते आणि नाहीही वाटत, असं काहीतरी झालंय यात."

ते तिलाही जाणवलं होतं. स्वतःच्याच घरातली खोली, पण कागदावर परक्या घरातली वाटत होती. चांगल्या छापात असं होतं, अशी तिने मनाची समजूत घातली.

घरी आली तेव्हा भिंगरी आपल्या खाटेवर कोलांट्या मारत होती. आजी पलीकडे बसलेली, नेहमीसारखी. ताईने डाव्या खाटेमागच्या बोळात हात घातला. गार भिंत आणि धूळ, दुसरं काही नाही. तरी हात बाहेर काढल्यावर तिने तो साडीला पुसला.

"आई, दिवसा कुणी येतं का गं या खोलीत?"

आजीने मान वळवली नाही, नुसते डोळे वळवले. "कोण येणार?"

"तू उभी असतेस का कधी, हिच्या उशाशी?"

"मला दोन मिनिटं उभं राहवतं का?"

हे खरंच होतं. आणि इथे ताईच्या मनात जे आलं ते उघड बोलायची तिला स्वतःलाही लाज वाटली असती. तिने ठरवलं की दोघींच्या खाटा बदलायच्या. भिंगरी आजीच्या खाटेवर, आजी भिंगरीच्या. फोटोतलं ते काहीच नसेल, उजेडच असेल, तर आजी कुठेही झोपली म्हणून काय बिघडणार आहे? असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. पण काहीच नसेल तर मग खाटा कशाला बदलायच्या, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

"नको," आजी म्हणाली.

"अगं, तिकडे वारा चांगला येतो."

"मला वारा नको. मला इथेच राहू दे."

"हट्ट नको करूस, आई."

"हट्ट नाही गं." आजीचा आवाज इतका हळू होता की ताईला वाकून ऐकावं लागलं. "मला इथली सवय झालीय. हिला नाही जमायचं. ही एका जागी बसत नाही."

"खाटेवर बसायला काय जमायचंय त्यात?"

आजीने तिच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत इतकं सरळ बघितलं नव्हतं. काहीतरी बोलायला तिचे ओठ उघडले, मग नजर ताईच्या खांद्यावरून मागे, भिंतीकडे गेली, आणि ओठ मिटले.

ताईने तिला हाताला धरून उठवलं. आजी अगदी सावकाश उठली, सावकाश चालली, आणि पलीकडच्या खाटेवर जाऊन बसली. तिचं अंग धरलं तर ताठ लाकूड. भिंगरीला मात्र नवी खाट मिळाल्याचा कोण आनंद. एका उडीत चढली आणि ओलीच्या डागावर बोटाने घोडा काढायला लागली.

ताईच्या जिवात जीव आला. सकाळी तिने नवा डबा लावला, खात्री करून घ्यायला.

४

पुढचे दोन दिवस ती प्रदर्शनाच्या दालनातच होती. सकाळी घाईने निघायचं, संध्याकाळी दमून परतायचं. खिळे, दोऱ्या, दिवे, आणि प्रत्येक फ्रेम दोन बोटं वर की खाली यावर दालनाच्या बाईंशी हुज्जत. तो नवा डबा दुसऱ्या दिवशी सकाळी जाताजाताच तिने दाढीकडे दिला होता. आता प्लेट करायला वेळ नव्हता. "तुझ्या डार्करूममध्ये सरळ फोटो काढ आणि फ्रेम करून उद्घाटनाला घेऊन ये," असं सांगून तिने शेवटच्या भिंतीवर एक जागा मोकळी ठेवली.

घरी सगळं ठीक होतं. ठीक म्हणजे शांत. पहिल्या दिवशी ती परतली तेव्हा भिंगरी दाराशी धावत आली नाही. ताईला वाटलं, झोपली असेल. आत डोकावली तर ती खाटेवर बसलेली.

"काय गं, बरं नाही वाटत का?"

"बरंय."

"मग अशी का बसलीस?"

"अशीच."

कपाळाला हात लावून बघितलं, ताप नव्हता. जेवायला ती पुढच्या खोलीत आली, आणि तिथे पुन्हा तिचे पाय टेबलाखाली झुलायला लागले. ताईने सुटकेचा श्वास सोडला. पोरीला अक्कल येतेय, एवढंच. सुट्टीतसुद्धा पोरं मोठी होतात. पण मनात कुठेतरी पाल चुकचुकलीच, कारण जेवण झाल्यावर भिंगरीने विचारलं, "आई, मी आज तुझ्याजवळ झोपू?" आणि ताई म्हणाली, "उद्या गं, राणी, आज मला फ्रेमांवरच्या चिठ्ठ्या लिहायच्यात."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सवयीने तिने आणखी एक डबा फळीवर ठेवला, पट्टी काढली आणि निघाली.

५

दुपार कलली तसं दालन भरलं. पांढऱ्या भिंती, प्रत्येक चित्रावर छोटा दिवा, आणि देवळात आल्यासारखी हळू बोलणारी माणसं. मागच्या खोलीच्या त्या दोन छापांपुढे सगळ्यात जास्त गर्दी होती. दालनाच्या बाई प्रत्येकाला हाताला धरून तिथेच आणत होत्या.

"हे कसं साधलंत हो?" एका गृहस्थांनी विचारलं. "हा माणूस दिवसभर उभा केला होतात?"

"उजेड शिरलाय," ताई म्हणाली.

ते हसले. कलावंत असंच बोलायचे, अशा अर्थाने त्यांनी मान डोलावली.

गर्दीला कंटाळून ती समोरच्या भिंतीकडे वळली. तिथे तिचाच एक जुना फोटो होता, अंधाऱ्या जिन्याचा, जवळजवळ काळाच. त्यावरच्या काचेत मागची भिंत दिसत होती. दिवे, लोकांची डोकी, आणि डोक्यांच्या मधून मागच्या खोलीचा छाप.

काचेत तिला तिचं घर दिसलं.

इतके दिवस कागदावर परकी वाटणारी खोली काचेत मात्र अगदी ओळखीची झाली होती. रोज दारातून दिसते तशी. आणि तो डाग, शाई पुसताना राहिला म्हणून तिने स्वतःला बोल लावला होता तो, काचेत उजव्या खाटेवर होता. आजीच्या खाटेवरच्या भिंतीवर.

तो शाईचा डाग नव्हता, ती ओल होती.

तिने फिल्म पालथी ठेवलीच नव्हती. दोन्ही प्लेटी एकाच दुपारी, एकाच घाईत, दोन्ही उलट्या. त्या खोलीत एखादी पाटी असती, कॅलेंडर असतं, तर छाप उचलल्याबरोबर कळलं असतं. पण दोन सारख्या खाटा आणि मधोमध खिडकी. अशी खोली उलटी केली काय आणि सुलटी केली काय.

भिंगरीच्या उशाशी कधीच काही उभं नव्हतं. ते आजीच्या उशाशी होतं. आणि तिने आपल्या हाताने आजीला तिथून उठवून भिंगरीला तिथे बसवलं होतं.

"ताई." दाढी तिच्या मागे उभा होता, काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम. त्याचा चेहरा आज थट्टेचा नव्हता. "कितीतरी हाका मारल्या तुला. हे बघ आधी. तू पोरीला काय सांगितलंस? बक्षीस कबूल केलंस का?"

"का?"

त्याने कागद बाजूला केला.

सरळ फोटो, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. उजव्या खाटेवर, ओलीच्या डागाखाली, भिंगरी होती. ढीग नाही, धुकं नाही. केसांची बट, फ्रॉकची गुंडी, मांडीवर ठेवलेली दहाही बोटं, सगळं लखलखीत. पाठ ताठ. एकाही फोटोत कधी न आलेली पोर दिवसभर तशीच बसून होती, आणि हनुवटी वर करून बघत होती. तिच्या तोंडासमोर, अगदी जवळ, काहीतरी करडं ओणवं झालेलं होतं.

"हा पडदा उडालाय ना?" दाढी म्हणाला. "मला तर पडदाच वाटतोय."

ताई फोन घेऊन दाराकडे चालायला लागली होती. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. मग उचलला गेला.

"आई, भिंगरी कुठेय?"

"हळू बोल," आजी म्हणाली. ओठ न हलवता बोलावं तसं.

"भिंगरी कुठेय, आई?"

"बसलीय."

"तिला उठव तिथून. बाहेर घेऊन जा तिला, आत्ताच्या आत्ता."

"आता नाही उठवता यायचं. शिकली गं ती. मला किती महिने लागले होते. ही लगेच शिकली." मग आवाज आणखी खाली गेला. "मी म्हटलं होतं तुला, मला तिथेच राहू दे म्हणून. मी तिथे होते तोवर ते माझ्यापाशीच थांबायचं."

ताई दालनाचं दार ढकलून बाहेर पडली.

"तू ये," आजी म्हणाली. "पण पळत येऊ नकोस."

६

स्कूटर तिने गल्लीच्या तोंडाशीच सोडली. पाय पळायला बघत होते आणि ती त्यांना धरून ठेवत होती. आईचे ते चार शब्द कानात होते आणि त्यांचा अर्थ तिला अर्धाच कळला होता. तेवढाही पुरेसा होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत भिंगरीच्या चपला, उलटसुलट पडलेल्या, आणि टेबलावर अर्धवट प्यालेलं दूध. घरात घड्याळाशिवाय कसलाही आवाज नव्हता. पंखासुद्धा बंद होता. इतक्या उकाड्यात पंखा का बंद केला असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि उत्तर सुचलं तशी तिने आपली चाल आणखी सावकाश केली.

मागच्या खोलीच्या दारात ती पोचली.

उन्हं खिडकीतून तिरपी आत आली होती. डाव्या खाटेवर आजी, फोन मांडीवर, ताठ. तिने फक्त डोळे वळवले आणि पुन्हा समोर नेले. उजव्या खाटेवर भिंगरी, अगदी आजीसारखी. हात मांडीवर, हनुवटी वर. तिच्या गालावर एक माशी बसली होती. माशी चालत डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे थांबली, पुन्हा खाली ओठापर्यंत आली. भिंगरीची पापणीही लवली नाही. जिला जन्मात कधी कुणी एका जागी बसवू शकलं नव्हतं ती ही पोर.

ताईचा सगळा शहाणपणा गळून पडला आणि ती नुसती आई उरली. तिने पाऊल उचललं, उंबरठ्याच्या आत टाकलं, हात पुढे केले.

"आई." भिंगरीचे ओठ जेमतेम हलले. "हलू नको."

ताई थांबली. एक पाय आत, एक बाहेर, हात तसेच पुढे.

"हललं की त्याला दिसतं," भिंगरी म्हणाली.

माशी उडाली. खोलीभर फिरली, खिडकीच्या गजावर बसली, तिथून उडून ओलीच्या डागाकडे गेली, आणि तिची गुणगुण मधेच थांबली.

ताईने तिकडे बघितलं नाही. बघायला डोळे वळवावे लागले असते. पण नजरेच्या कडेला, खाट आणि भिंत यांच्या बोळात, भिंगरीवर ओणवं झालेलं काहीतरी हळूहळू सरळ झालं आणि दाराकडे वळलं.

हात पुढेच ठेवून ती उभी राहिली. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. समोर तिची लेक, चार पावलांवर, आणि ती चार पावलं टाकता येत नव्हती. भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला तिचा हात उठला नाही. शहाणी गं माझी, असं ताई मनातल्या मनात म्हणाली. अशीच बस. मी आलेय.

फळीवरच्या डब्याची पट्टी सकाळी तिनेच काढली होती. भोक उघडं होतं, आणि बाहेर अजून बराच उजेड होता.